ट्रान्सफरची बातमी कशी वाचावी: पुडी कोणी सोडली ते ओळखा

युरोपातल्या फुटबॉलमध्ये खेळाडू एका क्लबमधून दुसऱ्यात जातात (ट्रान्सफर) ते मुख्यतः उन्हाळ्यात, आणि तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा. 2010 आणि 2011 चे माझे दोन्ही पावसाळे लंडनच्या आर्सेनल क्लबचा स्पॅनिश कर्णधार सेस्क फॅब्रेगास तो क्लब सोडणार का, या एकाच काळजीत गेले. रोज सकाळी उठून फोन बघायचा आणि रोज वेगळं उत्तर मिळायचं. आर्सेनलचे आम्ही सगळेच चाहते त्या बातम्यांनी पोळलो. तेव्हापासून मी एक पद्धत धरली आहे. बातमी खरी की खोटी हे मागाहून बघतो, आधी बघतो ती आज छापून येण्यात फायदा कोणाचा. त्यासाठी काय काय तपासायचं ते सांगतो.

1. करार कधी संपतो ते शोधा

सगळं इथून सुरू होतं. फिफाच्या नियमानुसार, करारात असलेल्या खेळाडूशी बोलणी करायची असतील तर आधी त्याच्या क्लबला लेखी कळवावं लागतं. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की मात्र खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करायला मोकळा. म्हणजे करार लांबचा असेल तर किल्ली विकणाऱ्याच्या हातात. घेणाऱ्यापुढे मग दोनच वाटा उरतात: भरपूर पैसे मोजायचे, नाहीतर खेळाडूचं मन तिथून उठवायचं. दुसरी वाट स्वस्त पडते, आणि ती वर्तमानपत्रांतून जाते.

फॅब्रेगासचा करार 2014 पर्यंतचा होता. जून 2010 मध्ये स्पेनच्या बार्सिलोना (म्हणजेच बार्सा) क्लबची ऑफर आली आणि आर्सेनलने ती जाहीरपणे नाकारली, चर्चासुद्धा करणार नाही म्हणून सांगितलं. खरा गोंधळ त्यानंतर सुरू झाला.

2. बोलतंय कोण ते बघा

अध्यक्ष किंवा कोच दुसऱ्याच्या खेळाडूबद्दल उघड बोलला तर तक्रार होऊ शकते. मित्र बोलला तर काय करणार? बार्सिलोनाचे बरेच खेळाडू स्पेनच्या संघात फॅब्रेगासचे सोबती होते. त्याच्या रक्तातच बार्सा आहे, तो तिकडे अडकून त्रास सोसतोय, असं बार्साचा झावी पुन्हा पुन्हा बोलत राहिला. तो मनापासून बोलत असेलही, दोघं बार्साच्याच अकादमीतले. पण ती वाक्यं रोज छापून येत होती, आणि प्रत्येक वाक्यागणिक आर्सेनलचा कर्णधार आपल्याच ड्रेसिंग रूममध्ये पाहुणा होत होता.

जुलै 2010, माद्रिद. वर्ल्ड कप जिंकून आलेला संघ स्टेजवर, समोर अफाट गर्दी. गोलकीपर रेनाच्या हातात माइक. बार्साचे पुयोल आणि पिके मागून येतात आणि फॅब्रेगासच्या डोक्यावरून बार्साची जर्सी ओढून घालतात. तो अवघडून हसतो. मित्रांची थट्टा म्हणून ते सोडून देता येईल. मी नाही सोडू शकलो. दुसऱ्या दिवशी तो फोटो जगभर होता, आणि असा फोटो कुठल्याही जाहिरातीने मिळाला नसता.

पेपरही कोणाचा ते बघायचं. ‘मार्का’ आणि ‘आस’ माद्रिदचे, ‘स्पोर्ट’ आणि ‘मुंडो देपोर्तिवो’ बार्सिलोनाचे. आपल्या गावच्या क्लबच्या बाजूने लिहिणं तिथे कोणी लपवत नाही. त्यामुळे ‘स्पोर्ट’मध्ये एखादा खेळाडू बार्सासाठी आतुर असल्याचं आलं, तर खेळाडूच्या मनातलं सोडा, बार्साला काय हवंय एवढं नक्की कळतं.

3. क्रियापदाखाली रेघ मारा

“नजर आहे”, “विचार करत आहे”, “उत्सुक आहे” यात घडलेलं काहीच नाही. “ऑफर दिली”, “ऑफर नाकारली”, “मेडिकल (सहीआधीची तपासणी) झाली” ही घटना, तिची शहानिशा करता येते. एक वाक्य मात्र जपून वाचा: “खेळाडूशी वैयक्तिक अटी ठरल्या, क्लबशी बोलणी बाकी.” हे आपण सवयीने वाचून पुढे जातो. पण विकणाऱ्या क्लबने परवानगी दिलेली नसेल, तर नियम मोडल्याची ती सरळ कबुलीच झाली.

4. माफीला आणि नकाराला शेवट समजू नका

जून 2017 मध्ये आपल्या व्हॅन डाइकशी परवानगीशिवाय संपर्क साधला म्हणून साउथॅम्प्टनने लिव्हरपूलविरुद्ध तक्रार केली. लिव्हरपूलने जाहीर माफी मागितली, आम्हाला आता तो नको असंही सांगितलं. सहा-सात महिन्यांत, जानेवारी 2018 मध्ये, 7.5 कोटी पौंडांना तो लिव्हरपूलमध्ये दाखल.

शिक्षा होते, नाही असं नाही. 2005 मध्ये आर्सेनलच्या अॅशली कोलला हॉटेलात गुपचूप भेटल्याबद्दल चेल्सीला 3 लाख पौंड दंड झाला, दंड कोललाही झाला. पुढच्याच वर्षी कोल चेल्सीत. अॅटलेटिको माद्रिदच्या ग्रीझमनचं तर वाचून मला संताप आला होता. 2019 मध्ये बार्साशी 12 कोटी युरोंचा व्यवहार, अॅटलेटिकोची तक्रार की बोलणी आधीच झाली होती, आणि स्पॅनिश फेडरेशनने बार्साला दंड केला 300 युरो. तीनशे! दंड असा असेल तर पुड्या सुटतच राहणार.

5. खेळाडूच्या बाजूनेही सुटलेली असू शकते

ऑक्टोबर 2010. रूनीने मँचेस्टर युनायटेड सोडायचंय असं जाहीर केलं, मँचेस्टर सिटीचं नाव सगळीकडे झालं आणि दोनच दिवसांत त्याने युनायटेडशीच पाच वर्षांचा नवा करार केला. करार संपत आला असेल आणि अचानक तीन मोठ्या क्लबांची नावं आली, तर एजंटला पगारवाढ हवी आहे का, हे आधी विचारा.

6. तारीख लिहून ठेवा, शिव्या देऊ नका

वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये बातमी, पेपर आणि तारीख टिपून ठेवा. विंडो (खेळाडू घेण्या-विकण्याची मुदत) बंद झाली की मागे जाऊन जुळवा. दोन सीझनमध्ये कोणावर विसंबायचं हे तुमचं तुम्हालाच कळेल. आणि “नाराज” असल्याच्या बातमीखाली त्या खेळाडूला गद्दार लिहायला बोट शिवशिवलं, तर त्याच्या स्वतःच्या तोंडचं एखादं वाक्य आहे का ते आधी शोधा. मी 2010 मध्ये ते शोधलं नव्हतं. फॅब्रेगास ऑगस्ट 2011 मध्ये गेला. त्याआधीच्या सीझनमध्येही तो आर्सेनलची कर्णधाराची पट्टी बांधूनच खेळला होता.