घरच्या रिमोटनं कॅमेऱ्याचं शटर दाबायचं असेल तर

उन्हाळ्यात वावरातल्या कडुनिंबाखाली पाण्याचं परळ भरून ठेवलं की दुपारी होले, बुलबुल, साळुंक्या, दयाळ आपसूक येतात. परळापासून दोन मीटरवर कॅमेरा ठेवला तर पाखरं एका दिवसात त्याला सरावतात, माणसाला मात्र सरावत नाहीत. म्हणून माणसानं तुराट्यांच्या आडोशामागं बसायचं आणि शटर लांबून दाबायचं. कॅमेऱ्याचा खास रिमोट तालुक्याच्या गावात सहसा मिळत नाही. घरात मात्र टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि कूलरचे मिळून दोन-तीन रिमोट असतात. त्यांतल्याच एकावर काम भागतं.

टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं तर काहीच होणार नाही. दोन्हीकडचा उजेड तोच, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. सांगायची भाषा वेगळी. टीव्हीचा रिमोट बहुधा सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणाऱ्या उजेडात लांबलचक संदेश पाठवतो: आधी ९ मिलिसेकंदांची हाक, मग ३२ खुणा. निकॉन कंपनीच्या कॅमेऱ्याच्या रिमोटचा संदेश त्यापुढं अगदी आटोपशीर आहे. २ मिलिसेकंद उजेड, २८ मिलिसेकंद अंधार, मग ०.४ मिलिसेकंदांचे तीन ठोके, त्यांच्यामध्ये आधी दीड आणि नंतर साडेतीन मिलिसेकंदांची फट. ६३ मिलिसेकंदांनी हेच पुन्हा एकदा. कॅननचा त्याहून छोटा: अर्ध्या मिलिसेकंदाचे फक्त दोन ठोके. मधली फट ७.३ मिलिसेकंदांची असेल तर फोटो लगेच निघतो, ५.४ ची असेल तर दोन सेकंदांनी. हे आकडे लक्षात राहू द्या, पुढच्या बऱ्याच अडचणी त्यांतूनच निघतात.

आधी कॅमेऱ्याला डोळा आहे का ते पाहा

कॅननच्या ५५०डी, ६००डी, ७००डी, ६०डी, ७०डी या कॅमेऱ्यांच्या पुढच्या बाजूला, मुठीजवळ, काळसर लाल काचेची छोटी खिडकी असते. निकॉनच्या डी३२००, डी३३००, डी५२००, डी५३००, डी७०००, डी७२०० यांनाही ती आहे. लग्नाच्या फोटोग्राफरांकडं सर्रास दिसणाऱ्या कॅननच्या १२००डी, १३००डी, १५००डी यांना ही खिडकीच नाही, निकॉनच्या डी३१०० लाही नाही. तिथं रिमोट शिकवण्यात वेळ घालवू नका, थेट खालच्या सर्किटकडं जा.

रिमोटला शिकवणं

डीटीएचच्या कित्येक रिमोटवर टीव्हीसाठी चार-पाच वेगळी बटणं असतात: पॉवर, आवाज कमी-जास्त, एव्ही (टीव्हीचा इनपुट बदलणारं). ही बटणं दुसऱ्या रिमोटचं पाहून शिकतात. टीव्ही चालू करायला ती आपण एकदा शिकवलेली असतात, तीच युक्ती इथं वापरायची. बटण निवडताना एव्ही घ्या. पॉवर घेतलं तर घरातला टीव्ही त्या रिमोटवर चालू होणार नाही आणि संध्याकाळी घरात कटकट होईल.

शिकवायला निकॉनचा मूळ रिमोट एखाद्या स्टुडिओतून पाच मिनिटांसाठी मागून आणा. तोही नसेल तर वरच्या कडेला इन्फ्रारेडचा काळा ठिपका असलेला मोबाइल शोधा. शाओमी, रेडमी, पोको यांच्या कित्येक मोबाइलना तो असतो, आणि त्यांच्या रिमोटच्या ॲपमध्ये टीव्ही-एसीच्या यादीत कॅमेरा हाही प्रकार सापडतो. मग मोबाइलच मास्तर होतो. आडोशात बसून नुसता मोबाइल वापरला तरी फोटो निघतो, पण त्याचा उजेड दुबळा असतो आणि अंधारात स्क्रीन चमकून जनावर बुजतं. म्हणून एकदा शिकवून घेतलेला रिमोटच बरा.

शिकवताना ट्यूबलाइट आणि सीएफएल बंद करा, उन्हाच्या तिरिपेपासून लांब बसा. दोन्ही रिमोट एका पाटावर ठेवून त्यांची तोंडं समोरासमोर, दोन-तीन सेंटिमीटरवर आणा. बहुतेक डीटीएच रिमोटमध्ये सेटचं किंवा टीव्ही पॉवरचं बटण लाल दिवा स्थिर होईपर्यंत दाबून धरावं लागतं. मग शिकवायचं बटण दाबा आणि लगेच समोरच्या रिमोटचं शटर एकदाच, टिचकी मारल्यासारखं दाबा. दाबून धरू नका. निकॉनचा संदेश मुळातच दोनदा येतो, धरून ठेवला तर शिकणारा अर्धवट घेतो. लाल दिवा पटपट लुकलुकून विझला की धडा झाला.

कॅननच्या बाबतीत ही पद्धत पुष्कळदा फसते. दोन इवलेसे ठोके शिकाऊ रिमोटला संदेश वाटतच नाहीत, खरखर वाटते. शिवाय कॅननचा उजेड सेकंदाला ३२,७०० च्या आसपास लुकलुकतो आणि स्वस्त रिमोट शिकलेलं सगळं ३८ हजारांवरच ओकतो. कॅननवाल्यांनी मोबाइल तरी वापरावा नाहीतर सर्किट.

कॅमेऱ्यात काय लावायचं

ड्राइव्हच्या मेनूत रिमोटचं चिन्ह निवडल्याशिवाय कॅमेरा ऐकणार नाही. कॅननमध्ये ते सेल्फ टायमरच्या चिन्हासोबतच असतं. निकॉनमध्ये लगेच आणि दोन सेकंदांनी असे दोन प्रकार आहेत. निकॉन आणखी एक करतो: ठरावीक वेळ संदेश आला नाही की रिमोटचा मोड आपोआप सोडतो. मुळात ही वेळ एकच मिनिट असते. मेनूत ‘रिमोट ऑन ड्युरेशन’ शोधून ती १५ मिनिटं करा. पाखराची वाट पाहायला एक मिनिट काहीच नाही, आणि रिमोट बिघडला असं समजून लोक तासभर सेल बदलत बसतात.

फोकस हातानं लावा. पाखरू जिथं बसणार तिथं काडी रोवा, तिच्यावर फोकस करा, लेन्स एमएफवर (मॅन्युअल फोकसवर) टाका, काडी काढा. ऑटोफोकस ठेवला आणि तो जुळला नाही तर कॅमेरा फोटो काढतच नाही. डोळा लावायची मागची खिडकी काळ्या कापडानं झाका. तिथून ऊन आत शिरलं की उजेडाचं माप चुकतं आणि फोटो काळवंडतो.

ऊन हाच मोठा शत्रू

मूळ रिमोटचीसुद्धा पोच साधारण ५ मीटर, तीही सावलीत. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडं पारा ४५ च्या वर जातो तेव्हा उन्हात तेवढाच इन्फ्रारेडही भरलेला असतो, त्यात रिमोटची लुकलुक बुडून जाते. शिवाय कॅननचा डोळा समोर आणि आपण मागं. घरात भिंतीवरून उजेड परततो, वावरात परतायला काही नसतं. कॅमेऱ्याच्या पुढं, लेन्समध्ये येणार नाही असा पांढरा पुठ्ठा तिरपा ठेवला तर मीटर-दोन मीटरची पोच वाढते, त्याहून जास्त नाही.

खात्रीचा उपाय वायरचा आहे. शिकवलेला रिमोट उघडा. पुढचा एलईडी गरम करून काढा, तो काढण्याआधी कोणता पाय कुठं होता ते पेननं लिहून ठेवा. त्या दोन छिद्रांना स्पीकरची दोन तारांची ५ ते ८ मीटर वायर जोडा आणि दुसऱ्या टोकाला तोच एलईडी, पाय न बदलता. हा एलईडी कॅमेऱ्याच्या खिडकीपासून बोटभर अंतरावर काळ्या टेपनं चिकटवा, वरून टेपचाच एक पदर टाका. आता ऊन आत येत नाही, नेम धरावा लागत नाही, रिमोट खिशात ठेवूनही फोटो निघतो. एलईडी चालतो की नाही ते मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहा: बटण दाबताच फिकट जांभळा ठिपका दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात बहुतेकदा दिसत नाही, तिथं इन्फ्रारेड अडवणारी काच असते. आमच्या मते उघड्या वावरासाठी याहून चांगली रीत नाही.

डोळा नसलेल्या कॅमेऱ्यासाठी सर्किट

इथं घरातला कोणताही रिमोट, कोणतंही बटण चालतं, काही शिकवायचं नाही. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात ‘रिमोट सेन्सर’ म्हणून टीएसओपी१७३८ मिळतो. सोबत ५५५ आयसी (टायमर), पीसी८१७ ऑप्टोकप्लर (उजेडातून इशारा पुढं देणारा स्विच), १००के, १०के (के म्हणजे हजार ओहम), ३३० ओहम आणि १०० ओहमचे रेझिस्टर, ४.७ मायक्रोफॅरडचे दोन, १०० मायक्रोफॅरडचा एक आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, १एन४००७ डायोड, चार पेन्सिल सेलचा डबा, झिरो पीसीबीचा (छिद्रांच्या पट्टीचा) तुकडा आणि अडीच मिलिमीटरची स्टिरिओ पिन. गावात नाही मिळालं तर नागपूरला सीताबर्डीत सगळं एका फेरीत होतं.

सेलच्या धन टोकाला आधी डायोड. ताज्या सेलचे सहा व्होल्ट सेन्सरला जड जातात, डायोड त्यातले ०.७ खातो. डायोडनंतर धन-ऋणात १०० मायक्रोफॅरड. ५५५ चे पाय ४ आणि ८ धनाला, पाय १ ऋणाला. पाय ६ आणि ७ एकत्र. तिथून धनाकडं १००के, ऋणाकडं ४.७ मायक्रोफॅरड. पाय ५ ते ऋण ०.०१. सेन्सरचा आउटपुट सरळ पाय २ ला, आणि पाय २ ते धन १०के. सेन्सरचा धन मात्र १०० ओहममधून घ्या आणि त्याच्या पायाशीच उरलेला ४.७ मायक्रोफॅरड ऋणाला जोडा. हे दोन भाग वाचवू नका: ५५५ चालू-बंद होताना सप्लायला हिसका देतो, सेन्सरला तो रिमोट वाटतो, आणि कॅमेरा न थांबता फोटो काढत सुटतो.

पाय ३ मधून ३३० ओहम पीसी८१७ च्या पाय १ ला, त्याचा पाय २ ऋणाला. पाय ४ कॅमेऱ्याच्या पिनच्या टोकाला, पाय ३ पिनच्या बुडाला. कॅननच्या पिनेत टोक म्हणजे शटर, मधली कडी म्हणजे फोकस, बूड म्हणजे ग्राउंड. टोक आणि कडी एकत्र जोडून टाका, लेन्स एमएफवरच आहे. ऑप्टोकप्लरमुळं आपले सेल आणि कॅमेरा यांचा विजेचा संबंध राहत नाही, म्हणून त्याच्याऐवजी नुसता ट्रान्झिस्टर घालायचा मोह टाळा. निकॉन डी३१०० ची पिन वेगळ्या घाटाची असते. तिची तयार वायर घेऊन कापा आणि कोणती तार कशाची ते मल्टिमीटरनं शोधा.

बटण दाबलं की ५५५ साधारण अर्धा सेकंद शटर धरून ठेवतो. हे लागतंच, कारण सेन्सरमधून येणारे ठोके अर्ध्या ते नऊ मिलिसेकंदांचे असतात आणि तेवढ्यानं कॅमेरा जागाही होत नाही.

सेन्सर जळण्याचं एकच नेहमीचं कारण आहे: पाय चुकीचे जोडणं. १७३८ चे पाय फुगीर बाजू आपल्याकडं धरून डावीकडून ऋण, धन, आउटपुट. दुकानदार त्याच्याऐवजी बऱ्याचदा १८३८ देतो, त्याचे आउटपुट, ऋण, धन. वरचा आकडा वाचल्याशिवाय सोल्डरचा डाग देऊ नका.

कोणीच बटण न दाबता फोटो निघत असतील तर जवळचा सीएफएल किंवा थेट ऊन पाहा. सेन्सरवर जुन्या पेनाचं काळं नळकांडं, चार सेंटिमीटर लांब, बसवा आणि तोंड आडोशाकडं करा. सर्किट सुरू करताना एक फोटो आपोआप निघू शकतो, म्हणून आधी सेल, मग पिन. पॉवर बँक लावू नका: सर्किट इतका कमी करंट घेतं की ती काही लागलेलंच नाही असं समजून अर्ध्या मिनिटात बंद होते.

रात्री रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर टिपायचं असेल तर कॅमेरा आपल्याच धुऱ्यावर ठेवा आणि माणूस माळ्यावर. अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीशिवाय काहीही मांडू नका. विणीच्या दिवसांत घरट्यासमोरही नको. टिटवी अंड्यांवरून उठून गेली तर मेच्या उन्हात अंडी थोड्या वेळात भाजतात. सरकीच्या रिकाम्या पिशवीनं कॅमेरा झाकला तर धूळ अडते, फक्त रिमोटची खिडकी किंवा सेन्सरचं नळकांडं उघडं ठेवा. आणि हंगाम संपला की डब्यातले सेल काढून ठेवा, पावसाळ्यात ते पाझरून स्प्रिंगा खातात.