सिंकच्या फोल्डरात गिट: माझा गेलेला इतिहास

कमिट, पुश, ब्रांच तुम्हाला येतं असं धरून चालतो. मलाही येत होतं, तरी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा सगळा इतिहास मी माझ्याच हाताने घालवला.

जळगावला रूमवर लॅपटॉप, अमळनेरला घरी जुना डेस्कटॉप. एक सीनियर म्हणाला, "सिंकच्या फोल्डरातच ठेव भो, पुशची कटकट नको." म्हणजे ड्रॉपबॉक्ससारखं फोल्डर, जे नेटवरून दोन्ही मशीनवर आपोआप सारखं राहतं. दीड महिना सुरळीत चाललं. असा सल्ला देणाऱ्याला आधी विचारा, तू स्वतः किती मशीनवर काम करतो? तो एकाच मशीनवर करायचा.

शनिवारी कमिट केलं, लगेच लॅपटॉप मिटून रूमवर ठेवला आणि गाडी पकडली. घरी डेस्कटॉपवर गिट म्हणालं, 'बॅड ऑब्जेक्ट हेड'.

हे नीट समजून घ्या. कमिट करताना गिट आधी ऑब्जेक्टच्या फाइली (कमिटचा खरा मजकूर) लिहितं आणि सगळ्यात शेवटी ब्रांचची फाइल बदलतं. त्या फाइलीत 40 अक्षरांचा हॅश असतो, शेवटचं कमिट कुठलं ते सांगणारा. सिंकला हा क्रम माहीत नसतो, जी फाइल आधी जाईल ती जाते. माझी ब्रांचची फाइल घरी पोचली, ऑब्जेक्ट जळगावलाच राहिले. दोन्ही मशीनवर एकदम काम केलं तर आणखी वाईट: ब्रांचच्या आणि इंडेक्सच्या (पुढच्या कमिटची तयारी असते ती) फाइलींच्या 'कॉन्फ्लिक्टेड' प्रती तयार होतात.

तेव्हा थांबायला हवं होतं. लॅपटॉप पुन्हा नेटवर आला की उरलेल्या फाइली आल्या असत्या. मी घाबरून .गिट फोल्डर (सगळा इतिहास यातच असतो) उडवलं आणि नवीन इनिट केलं, म्हणजे कोरा रेपो सुरू केला. उडवलेलंही सिंक होतं! सोमवारी रूमवर लॅपटॉप उघडला, वायफाय लागलं आणि तिथलंही गेलं. नेट बंद ठेवून उघडला असता तरी वाचलो असतो. कोड राहिला, इतिहास नाही. गाईडसमोर कोणत्या दिवशी काय केलं ते दाखवता आलं नाही, ते अजून सलतं.

आता कोड सिंकच्या बाहेर ठेवतो आणि निघण्याआधी पुश करतो. गिटहबवर 2019 पासून फुकट खात्यातही खासगी रेपो मिळतात. सिंकच वापरायचं असेल तर 'गिट बंडल'ने सगळ्या इतिहासाची एक फाइल करून ती तिथे टाका. तिथे बेअर रेपोही (नुसता इतिहास, कामाच्या फाइली नसलेला) चालतो, पण एका वेळी एकाच मशीनवरून पुश करा आणि सिंक पूर्ण होईपर्यंत लॅपटॉप मिटू नका.

आज कोणी अडकलं असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा परत मिळतं. काही उडवू नका. दोन्हीकडे सिंक थांबवा, दोन्ही फोल्डरांची प्रत बाहेर काढा, मग त्या प्रतीवर 'गिट एफएससीके' (काय हरवलंय, बिघडलंय ते तपासणारी कमांड) चालवा. उडवून बसला असाल तर सिंक सेवेच्या ट्रॅशमध्ये आजच बघा, तिथे फाइली ठरावीक दिवसच राहतात. मी बघितलं तेव्हा ते दिवस उलटून गेले होते.