ट्रिमरने कड काढताना पातं ओढू नका, टेकवा

नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरला की कातडी कोरडी पडते आणि घरी दाढीची कड काढताना मानेवर हमखास ओरखडे उठतात. म्हणून दाढी आधी कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. ओले केस लांब दिसतात, अंदाज चुकतो.

मानेवरची रेघ कंठमणीच्या दोन बोटं वर धरा. बरेच जण ती थेट जबड्याच्या हाडावर नेतात. मग मान खाली केली की हनुवटीखालचा भाग उघडा दिसतो. गार्ड (पात्यावरची कंगव्यासारखी पट्टी) काढा, एका हाताने कातडी ताणा, ट्रिमर उलटा धरून पात्याची कड नुसती टेकवा आणि उचला. पुन्हा शेजारी टेकवा. दाबून ओढलंत की दातांत कातडी आलीच. तीळ, पुटकुळी असेल तिथे बोट ठेवून झाका.

कपाळावरची रेघ मात्र आहे तिथेच ठेवा. फक्त बाहेर आलेले चुकार केस घ्या. ‘जरा सरळ करू’ म्हणून एका बाजूने मागे सरकलात की दुसरी बाजूही सरकवावी लागते, आणि आठवड्याभरात तिथे खुंट टोचू लागतात.

मधूनमधून पातं मनगटाला लावून बघा. गरम लागलं तर थांबा. काम झाल्यावर ब्रशने केस झाडा, स्पिरिटने पुसा, तेलाचा एक थेंब सोडा. आणि भावाभावांतही पातं एकमेकांना देऊ नका. न दिसणाऱ्या जखमेतूनही कावीळ ‘ब’ पसरू शकते.