सिरपूरच्या फोटोंचं लोकेशन उडालं होतं
प्रोजेक्टसाठी पोहे-जलेबी सोडून सकाळी साडेसहाला आम्ही इंदूरच्या सिरपूर तलावावर (२०२२ पासून रामसर साईट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, बरं का), टिबुकल्या, जांभळ्या पाणकोंबड्या, चौघांचे मिळून शंभरेक फोटो झाले आणि घरी येऊन आयनॅचरलिस्टवर (पशुपक्षी-झाडांच्या नोंदी टाकायची साईट) टाकायला घेतले तर माझे सोडून एकाचंही लोकेशन नाही! आधी वाटलं पोरांनी जीपीएस बंद ठेवलं, पण त्यांच्या फोनमधल्या मूळ फोटोत अक्षांश-रेखांश २२.७, ७५.८ व्यवस्थित. मग ट्यूब पेटली, त्यांनी फोटो मला चॅटवर पाठवलेले, आणि चॅटवर साधा फोटो पाठवला की साईज कमी होताना एक्झिफ डेटाच (फोटोच्या फाईलमधली वेळ-लोकेशनची माहिती) उडतो. तेच 'डॉक्युमेंट' म्हणून परत मागवले, झालं. एका महाशयांनी मूळ फोटो डिलीट मारलेले, त्यांचे अकरा वहीतल्या नोंदी बघून नकाशावर हाताने पिन केले, अर्धी रात्र गेली.