बारावीची संभाव्यता: आधी ‘एक्स’ ठरवा, मग सूत्राला हात लावा

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावी सायन्सच्या गणितात संभाव्यता दुसऱ्या भागाच्या शेवटच्या दोन धड्यांत येते: संभाव्यता वितरण आणि द्विपद वितरण, म्हणजे वर्गात सगळे म्हणतात ते बायनॉमियल. शेवटी आहेत म्हणून हे धडे मागे ढकलले जातात आणि परीक्षा तोंडावर आली की सल्ला मिळतो, ‘चार सूत्रं पाठ कर, सुटतील गणितं.’ हा सल्ला मार्क घालवतो. उदाहरण चुकतं ते बहुतेक वेळा सूत्र लिहिण्यापूर्वीच, प्रश्न वाचताना.

अकरावीतले संयोग पक्के आहेत असं धरतो. ५ वस्तूंतून २ निवडण्याचे १० प्रकार, हे बोटं न मोजता यायला हवं.

कोष्टक मांडा. वरच्या ओळीत एक्सच्या (म्हणजे प्रयोगात आपण मोजतो त्या संख्येच्या) शक्य किमती, खालच्या ओळीत त्यांच्या संभाव्यता. बेरीज १ आली नाही तर पुढे जाऊ नका.

प्रश्नाचं चिन्हात रूपांतर करा. खरी अडचण इथे आहे, म्हणून वेळही इथेच द्या. उत्तरपत्रिकेत पहिलं वाक्य पूर्ण लिहा: ‘समजा एक्स = फाशाच्या पाच फेकींत ६ पडण्याच्या वेळांची संख्या.’ नुसतं ‘समजा एक्स = ६ पडणे’ लिहिलंत तर गणित तिथेच घसरतं, कारण एक्स ही संख्या असते, घटना नव्हे. वाक्य नीट लिहिलं की एक्सच्या किमती ० ते ५ आहेत हे आपोआप दिसतं.

मग विचारलेला शब्द चिन्हात उतरवा. ‘किमान दोन’ म्हणजे एक्स ≥ २. ‘जास्तीत जास्त दोन’ म्हणजे एक्स ≤ २. ‘दोनपेक्षा जास्त’ म्हणजे एक्स ≥ ३. हे तिन्ही एकाच फाशावर करून बघा. एका फेकीत ६ पडण्याची संभाव्यता १/६, न पडण्याची ५/६. पाच फेकींसाठी सगळे छेद ७७७६ ठेवले, तर एक्स ०, १, २, ३, ४, ५ असताना अंश अनुक्रमे ३१२५, ३१२५, १२५०, २५०, २५, १ येतात, बेरीज ७७७६. आता ‘किमान दोन’चं उत्तर १५२६/७७७६ आणि ‘दोनपेक्षा जास्त’चं २७६/७७७६. एका शब्दाने उत्तर पाच पटींहून जास्त बदललं.

‘किमान’ दिसलं की १ मधून वजा करायचं, एवढंच लक्षात ठेवणारे हमखास फसतात. किमान दोनसाठी वजा होतात फक्त ० आणि १ या किमतींच्या संभाव्यता. बरेच जण २ चीही वजा करतात आणि ‘दोनपेक्षा जास्त’चं उत्तर देऊन बसतात. आधी ० ते ५ एका ओळीत लिहा, हव्या त्या किमतींना गोल करा, कमी गोल आहेत की कमी मोकळ्या आहेत ते पाहा आणि मगच वजाबाकी करायची की बेरीज ते ठरवा.

आता दुसरा सापळा. ‘१० बल्बांत ३ खराब, ४ बल्ब काढले’ हे वाचलं की पेन बायनॉमियलकडे धावतं. बल्ब परत ठेवले का, हे आधी शोधा. परत ठेवले तर चारही चांगले निघण्याची संभाव्यता ०.७ चा चौथा घात, म्हणजे ०.२४०१. परत न ठेवता काढले तर ३५/२१०, म्हणजे १/६. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक बल्बागणिक पेटीतलं प्रमाण बदलतं, त्यामुळे पी (एका प्रयोगात हवा तो निकाल येण्याची संभाव्यता) स्थिर राहत नाही आणि बायनॉमियल लागूच होत नाही. प्रयोगांची संख्या ठरलेली, प्रत्येकाचे दोनच निकाल, पी सगळीकडे तोच आणि प्रयोग एकमेकांवर अवलंबून नाहीत: या चारही गोष्टी तपासल्याशिवाय सूत्र लिहू नका.

सूत्र लिहिल्यावरही संयोगाचा गुणक विसरतो. ‘नेमके एकदा ६’ साठी १/६ गुणिले ५/६ चा चौथा घात, एवढ्यावर थांबू नका. ते ६ पाचपैकी कोणत्याही फेकीत पडू शकतं, म्हणून पुढे ५ ने गुणायचं.

माध्य आणि प्रचरण. प्रचरण (व्हेरियन्स, म्हणजे किमती माध्याभोवती किती पसरल्या आहेत त्याचं माप) काढायला किमतींच्या वर्गांच्या माध्यातून माध्याचा वर्ग वजा करतात, आणि या दोघांची गल्लत होते. दोन नाणी, एक्स = छाप्यांची संख्या: माध्य १, वर्गांचा माध्य ३/२, प्रचरण १/२. उत्तर ऋण आलं तर कुठेतरी चूक आहेच. बायनॉमियलमध्ये माध्य एन × पी आणि प्रचरण एन × पी × क्यू (एन म्हणजे प्रयोगांची संख्या, क्यू म्हणजे १ वजा पी), म्हणून प्रचरण माध्यापेक्षा कमी असतं. माध्य ६ आणि प्रचरण ४ दिलं असेल तर भागाकाराने क्यू = २/३, मग पी = १/३ आणि एन = १८. कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना पॉइसाँ वितरणही असतं. तिथे माध्य आणि प्रचरण समान.

संचयी फलन. एफ(४) म्हणजे एक्स ≤ ४ असण्याची संभाव्यता. एक्सच्या किमती पूर्णांक असतील तर २ ते ४, दोन्ही धरून, यासाठी एफ(४) मधून एफ(१) वजा करा. एफ(२) वजा केलंत तर २ ची संभाव्यता हातची जाते. सतत चलात (जिथे एक्स एखाद्या अंतरातली कोणतीही किंमत घेऊ शकतो) हा प्रश्न उरत नाही, कारण एकेका बिंदूची संभाव्यता शून्य असते.

सतत चल. इंटिग्रेशन येत असेल तर हा भाग सोपा. घनता फलनाची (ज्याच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ संभाव्यता देतं) किंमत १ पेक्षा जास्त आली म्हणून घाबरू नका: ० ते १ मध्ये २एक्स हे फलन ०.९ ला १.८ होतं आणि तरी बरोबर आहे, क्षेत्रफळ १ भरतं.

सराव करताना कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा, बोर्डाच्या पेपरात तो चालत नाही. उत्तर अपूर्णांकात ठेवा, दशांश मागितला असेल तरच काढा. आणि रोज पाच प्रश्न असे घ्या, जे सोडवायचेच नाहीत: फक्त एक्सचं वाक्य, चिन्ह आणि कोणतं वितरण एवढं लिहायचं. पाच गणितं पूर्ण सोडवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या एका तुकड्यात हे होतं आणि जिथे चुकतं नेमका तोच भाग पक्का होतो.