एक्सटर्नल हार्ड डिस्क दिसत नाहीये? घाईत या चुका करू नका

मागच्या दिवाळीत ताईचा फोन आला, "अरे ती हार्ड डिस्क लावली तर लॅपटॉप फॉरमॅट करू का विचारत होता, मी हो म्हटलं, आता सगळं रिकामं दिसतंय." डिस्क १ टीबीची, आणि त्यात भाचीच्या बारशापासूनचे सगळे फोटो, दुसरी कॉपी कुठेच नाही. नशीब की क्विक फॉरमॅट झालं होतं, त्यात फक्त यादी पुसली जाते, खालचा माल तिथेच असतो. फुल फॉरमॅट झालं असतं तर विषयच संपला होता, कारण विंडोज व्हिस्टापासून फुल फॉरमॅट अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहीत जातं. मी फोटोरेक नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरने फोटो काढले, बहुतेक सगळे आले पण फोल्डरची नावं गेली ती गेलीच, आता बारसं कुठलं आणि गोव्याची ट्रिप कुठली हे ताई अजून निवडत बसलीये.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, फॉरमॅटच्या मेसेजला हो म्हणणं. तो मेसेज आला म्हणजे डिस्क रिकामी आहे असं नाही, विंडोजला तिची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत, वाचता येत नाहीये एवढाच अर्थ. कॅन्सल करा. मग स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, तिथे जोडलेल्या सगळ्या डिस्कची यादी असते. तिथे डिस्क व्यवस्थित दिसतेय पण ई किंवा एफ असं ड्राइव्हचं अक्षरच नाहीये तर अक्षर देऊन टाका, दोन मिनिटांचं काम. रॉ असं लिहिलेलं दिसलं तर फाइल सिस्टिम बिघडलीये, आधी डेटा बाहेर काढायचा, दुरुस्ती नंतर. आणि काढलेला डेटा त्याच डिस्कवर सेव्ह करू नका हो, लोक खरंच करतात.

आता डिस्क मॅनेजमेंटमध्येही काहीच दिसत नसेल तर दहातल्या पाच वेळा तरी गडबड केबलची असते, हा माझा अनुभव. ती रुंद चपटी यूएसबी ३ वाली केबल असते ना, तिचं डिस्ककडचं टोक फार लवकर ढिलं होतं, दिवा लागतो पण डिस्क येते आणि जाते. दुसरी केबल मागून आणून लावून बघा. दुसरं म्हणजे करंट. छोटी २.५ इंची डिस्क लॅपटॉपच्याच पोर्टवर चालते, जुना यूएसबी २ पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर देतो आणि यूएसबी ३ देतो ९००, त्यामुळे जुन्या पोर्टवर किंवा स्वस्तातल्या हबवर माऊस, पेन ड्राइव्ह आणि डिस्क सगळं एकदम लावलं की ती बिचारी फिरायला सुरुवात करते आणि बंद पडते. हब काढा, थेट लॅपटॉपला लावा. मोठी ३.५ इंची असेल तर तिला स्वतःचा अडॅप्टर लागतोच, त्याशिवाय ती चालणारच नाही.

डिस्कमधून टक टक आवाज येतोय का? मग हे सगळं सोडा आणि लगेच काढून ठेवा. आतलं हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, गेलेलं असू शकतं, आणि चालू ठेवाल तेवढे प्लेटवर ओरखडे. अशा वेळी "चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं टूल) मारून बघ" सांगणारा एक मित्र प्रत्येकाचा असतो, त्याचं ऐकू नका, मरायला टेकलेल्या डिस्कला चेकडिस्क म्हणजे आजाऱ्याला पळायला लावणं. फ्रिजरमध्ये ठेवायचा उपायही नको, बाहेर काढल्यावर आत पाणी धरतं. घरी स्क्रू काढून उघडू पण नका, धुळीचा एक कणही बास होतो. डेटा खरंच महत्त्वाचा असेल तर सरळ रिकव्हरीवाल्याकडे जा, पण आधी कोटेशन घ्या, हे काम स्वस्तात होत नाही.

टीव्हीचा किस्सा वेगळाच आहे. काही टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स रेकॉर्डिंगसाठी डिस्क आधी स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करून घेतात, मग ती लॅपटॉपला वाचताच येत नाही आणि जुना डेटाही जातो. रेकॉर्डिंगला वेगळी डिस्क ठेवा, लग्नाच्या फोटोंची नको. मॅकवर एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली, डिस्क वाचता येते पण तिच्यावर लिहिता येत नाही, तो बिघाड नव्हे, दोन्हीकडे वापरायचीये तर रिकामी असतानाच एक्सफॅट या दोघांनाही चालणाऱ्या पद्धतीने फॉरमॅट करून घ्या. मोठी फाइल कॉपी होत नाही अशी तक्रार असेल तर डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीची आहे का बघा, त्यात ४ जीबीच्या वरची फाइल बसतच नाही. आणि १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते म्हणून दुकानदाराशी भांडू नका, कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

झेरॉक्सच्या दुकानात लावून आणल्यावर फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट दिसतायत? व्हायरस आहे, फाइली बहुतेक आतच लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका, आधी अँटिव्हायरस, मग व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्स चालू करून बघा.

डिस्क अजून धड चालतेय असं वाटत असलं तरी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून एकदा तपासा. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा आला आणि रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचे (डिस्कवरच्या खराब झालेल्या किंवा होऊ लागलेल्या जागांचे) आकडे दर आठवड्याला वाढताना दिसले तर त्याच दिवशी नवी डिस्क घेऊन कॉपी करायला बसा. ताईने आता दोन घेतल्यात, एक तिच्याकडे, एक माझ्या कपाटात.