लाकडं पायाखाली धरून कापू नका, घोडी बांधा

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं, मृग ७-८ जूनला. कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायची लाकडं अजून अंगणात आडवीतिडवी पडली असतील तर आता हयगय नको. पण घाईत दरवर्षी तेच होतं. ओंडका दगडावर टेकवायचा, एक पाय त्यावर रोवायचा आणि करवत नाहीतर चेन सॉ चालवायची. ओंडका गरकन फिरतो, मशीन उसळते, पोटरी नाहीतर पाऊल कापलं जातं. ऐन तरवा (भाताची रोपं) पेरायच्या वेळी घरचा कर्ता खाटेवर. लावणीला मजूर मिळत नाहीत, खाचर पड राहतं. अशी पड खाचरं मी पाहिली आहेत, आणि त्यात ना करप्याचा दोष होता ना तुडतुड्यांचा.

यावर उपाय घोडी, म्हणजे ओंडका टेकवून कापायचा फुलीच्या आकाराचा लाकडी आधार. दुकानदार तिच्याऐवजी लोखंडी स्टँड गळ्यात मारेल. घेऊ नका. चालती चेन लोखंडाला लागली की दात गेलेच. त्यापेक्षा घरचे वासे बरे.

लागणारं सामान:
- ३ इंच जाडीचे, साडेतीन फुटी वासे ४ (ऐन, किंजळ किंवा आकेशिया)
- अर्धा इंची नटबोल्ट २, वायसरसह
- पट्ट्या: लांबीच्या २, पायांना आडव्या २, तिरक्या २
- खिळे

दोन वासे खालून सव्वादोन फुटांवर फुलीसारखे एकमेकांवर ठेवा, उथळ खाच मारा, बोल्ट आवळा. खाली पायांत सव्वादोन फूट अंतर हवं. अशा दोन फुल्या दीड फुटावर उभ्या करून पट्ट्यांनी जोडा. तिरक्या पट्ट्या विसरलात तर घोडी पहिल्याच जड ओंडक्याला डुलेल. सगळे खिळे बोल्टच्या खालीच.

वासे वद्य पक्षात तोडलेले असावेत, कमी किडतात असं जुनी माणसं सांगतात. मलाही ते पटलंय, कारण विचारू नका.

घोडी झाली तरी काप कुठे घ्यायचा हे महत्त्वाचं. दोन फुल्यांच्या मधोमध कापलंत तर ओंडका वाकतो, चीर मिटते, पातं अडकतं. म्हणून ओंडक्याचं टोक बाहेर काढा आणि घोडीच्या बाहेरच कापा. अर्ध्याहून जास्त बाहेर काढू नका, उलटेल. तुकडा पडेल तिथे पाऊल नको. दोन फुटांखालचा तुकडा घोडीवर नीट बसत नाही, आणि तो पायाखाली घ्यायचा मोह नेमका तिथेच होतो. तो ठोकळ्यावर उभा करा आणि कुऱ्हाडीने फोडा.

चेन सॉ असेल तर:
- टू-स्ट्रोक तेल: बहुतेक नव्या मशिनींना ५०:१, म्हणजे लिटर पेट्रोलला २० मिली तेल. तरी मशीनचं पुस्तक बघा
- चेनब्रेक चालतो का, आधी तपासा
- बूट आणि चष्मा घाला, लुंगी नको

महागड्या 'स्पेशल' तेलाच्या बाटल्यांचा आग्रह होईल. पुस्तकात दिलेल्या दर्जाचं साधं तेल पुरतं.

ढिगातला ओंडका उचलण्याआधी काठीने हलवा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात लाकडांखाली फुरसं (विषारी साप) असतंच असं धरून चाला. कापलेली लाकडं पडवीत दगडांवर रचा, जमिनीला टेकली की वाळवी. घोडी मात्र मोडून चुलीत घालू नका, पायांना जळकं ऑइल फासून मांगरात ठेवा. मधल्या पावसात वादळाने फांदी पडली की पुन्हा पाय पुढे करायची वेळ यायला नको.